साहेब मीटिंगमध्ये आहेत

काकासाहेब औताड्यांचं नाव त्यांच्या आजोबांनी ठेवलं, तेव्हा त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला काय ठाऊक, की पोरगं पुढं जाऊन शिपाई होणार आहे! नावातच साहेब. नोकरीच्या पहिल्याच दिवशी वरिष्ठांनी नेमणुकीचा कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. "ह्याला हाक कशी मारायची? 'काकासाहेब, पाणी आणा' म्हटलं, तर येणारा-जाणारा मलाच शिपाई समजेल." तेव्हापासून ते ऑफिसात औताडे झाले. घरी, गावात आणि पडेगावच्या गल्लीत मात्र काकासाहेबच राहिले.

ऑफिस म्हणजे विहीर मोजणी उपकार्यालय. भडकल दरवाज्याच्या अलीकडं एका गल्लीत जुनी दगडी हवेली होती, तिच्यात ते भरायचं. निजामाच्या अमदानीत कुणा हाकिमाच्या मनात आलं, की आपल्या मुलखात विहिरी किती आहेत हे सरकारला ठाऊक पाहिजे. झालं. माणसं नेमली, मोजायला सुरुवात केली. पैठणपासून मोजत मोजत कन्नड गाठेस्तोवर इकडं पैठणला चार नव्या विहिरी खोदलेल्या असायच्या आणि दोन बुजलेल्या. म्हणून पुन्हा पैठणपासून सुरू. निजाम गेला, सरकारं आली-गेली, शहराचं नावसुद्धा बदललं, पण मोजणी काही संपली नाही.

ह्या ऑफिसात काकासाहेबांनी साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बत्तीस वर्षं काढली. फायली नेणं, पाणी ठेवणं, चहा करणं ही कामं होतीच, पण खरं काम एकच. कुणी आलं की सांगायचं, "साहेब मीटिंगमध्ये आहेत. बसा."

ऐकायला हे सोपं वाटतं. पण तलाठ्याला सांगायची तऱ्हा वेगळी, पुढाऱ्याला सांगायची वेगळी. वकिलाला सांगायचं तर 'मीटिंग'वर जोर द्यायचा. आणि वैजापूरहून एसटीनं आलेल्या म्हाताऱ्याला सांगायचं तर 'बसा'वर. तेही असं, की म्हातारा नुसता बसत नसे, हळूहळू टोपी काढून मांडीवर ठेवी आणि काकासाहेबांना आपल्या विहिरीची, मग भावकीची, मग गुडघ्याची हकीकत सांगू लागे. पाच साहेब आले नि गेले. शेवटचे वैजनाथराव आष्टीकर. ते चौदा वर्षं टिकले. एवढ्या वर्षांत काकासाहेब केबिनमध्ये गेले ते टेबलापर्यंत. ग्लास ठेवायचा आणि उलट पावली बाहेर. आत बसणं हा प्रकार त्यांच्या डोक्यात कधी आलाच नाही.

मग एक दिवस वर मुंबईत कुणाच्या तरी ध्यानात आलं, की विहिरी आता सॅटेलाइटवरून दिसतात. उपकार्यालय बंद झालं. आष्टीकर साहेब आणि काकासाहेब एकाच महिन्यात रिटायर झाले. हवेली राजेंद्रशेठ नावाच्या एका बांधकामवाल्यानं घेतली. दोन वर्षं कारागीर भिंतींना चुना घोटत होते. आणि मग तिथं दहा खोल्यांचं हॉटेल उघडलं. नाव, हवेली-ए-सुकून.

काकासाहेबांची मुलगी सायली चिकलठाण्याच्या एका कंपनीत हिशेबनीस आहे. कंपनीच्या स्नेहसंमेलनात तिला सोडतीत ह्या हॉटेलचं कूपन लागलं. दोन माणसं, एक मुक्काम, जेवणखाण धरून. ती सरळ पडेगावला आली आणि कूपन वडलांच्या हातात ठेवलं.

"पप्पा, तुम्ही इतकी वर्षं तिथं बाहेर बसलात. आता आईला घेऊन आत राहून या."

"तिथं काय राहायचं?" काकासाहेब म्हणाले. "सहाला बंद होतं ते."

"आता नाही होत."

"राहू की," आतून सारजाबाई म्हणाल्या. "म्या तर ते कधी बघितलंच नाय. लगीन झाल्यापासून ह्यांच्या तोंडी एकच, हापिस, हापिस. बघू तरी काय हाय त्यात."

सारजाबाई म्हणजे एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांनी सोमवारी पहाटे सहा भाकरी थापल्या, ठेचा केला, शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. हॉटेलात जेवण फुकट आहे असं काकासाहेब सांगू लागले, तर म्हणाल्या, "फुकटचं कसं असतंय कुणाला ठाऊक."

आता काकासाहेबांचं शरीर बघा. कूपनावर स्वच्छ लिहिलेलं होतं, दुपारी बारानंतर या. पण ह्या रस्त्याला लागल्यावर त्यांच्या पायांनी काही ऐकलं नाही. बरोबर पावणेदहाला दोघं गल्लीत हजर. पुढच्या कमानीला झेंडूच्या माळा, पितळी घंगाळात गुलाबाच्या पाकळ्या. तिकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बोळातून मागच्या दाराशी गेले, खिशात हात घातला आणि किल्ली शोधू लागले.

"आवं, काय करू लागले?" सारजाबाई म्हणाल्या.

तेव्हा काकासाहेब भानावर आले. पण तोवर आतून कुणीतरी दार उघडलं होतं. मॅनेजर हिमांशू. तिशीचा, परभणीकडचा, अंगात बंद गळ्याचा कोट, त्या उन्हातसुद्धा.

"चेक-इन बारानंतर आहे, काका."

"व्हय. आमी बसतो."

बसण्यात काकासाहेबांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. अंगणातल्या कट्ट्यावर दोघं सव्वादोन तास बसले. बारा वाजता हिमांशूनं कूपन हातात घेतलं, नाव वाचलं आणि त्याचा चेहराच बदलला.

"काकासाहेब! म्हणजे... सरदार घराणं का आपलं? कुठलं?"

"औताड्यांचं. बिडकीनच्या पुढचं."

"जहागीर वगैरे?"

"व्हती चार एकर. भावाकडं हाय आता."

हिमांशूनं 'चार एकर' ऐकलंच नाही. राजेंद्रशेठनं त्याला सांगून ठेवलं होतं, की असल्या हॉटेलात खरी राजघराण्यातली माणसं साध्या कपड्यांत येतात, ओळख दाखवत नाहीत, तेव्हा जपून. त्यानं ताबडतोब गुलाबपाणी शिंपडलं, दोघांच्या गळ्यात हार घातले आणि कूपनावरची साधी खोली बदलून त्यांना हॉटेलातली सगळ्यात भारी खोली दिली. दिवान-ए-सुलतान.

वाटेत तो हवेलीचा इतिहास सांगत होता. हा दिवाणखाना, इथं मुशायरे भरायचे. काकासाहेबांना आठवलं, इथं मोडके पंखे आणि जुन्या फायलींचे गठ्ठे असायचे. हा मुदपाकखाना, इथं बेगमेसाठी शीरकुर्मा व्हायचा. इथं काकासाहेब स्टोव्हवर चहा करायचे. आणि हे बघा, हिमांशू आवाज खाली आणून म्हणाला, हा चारशे वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्राचा तुकडा. तज्ज्ञ म्हणतात, हा उडणारा करकोचा आहे. भिंतीवरच्या लालसर डागाला काचेची चौकट केली होती आणि वर छोटा दिवा लावला होता.

काकासाहेबांनी डाग बघितला. एका पावसाळ्यात जावक रजिस्टरसाठी लाल शाईची बाटली आणताना त्यांचा पाय घसरला होता, ती ही जागा. त्यावरून तेव्हा मेमोही मिळाला होता. त्यांनी सांगायला तोंड उघडलं, पण पोरगं इतक्या भक्तीनं बघत होतं, की त्यांना सांगवेना.

"चांगलाय करकोचा," ते म्हणाले.

आणि मग ते दार आलं. सागवानी, दोन फळ्यांचं, पॉलिश करून आरशासारखं केलेलं. साहेबांची केबिन. हिमांशूनं दार उघडलं, सारजाबाई "आगं बया!" म्हणत आत गेल्या. काकासाहेब उंबऱ्याशी थांबले. उजवा पाय उचलेना. हातात ग्लास नाही, फाइल नाही, घंटी वाजलेली नाही, मग आत जायचं कशासाठी?

"तू हो पुढं," ते म्हणाले. "म्या आलोच."

दाराशेजारी शोभेचं एक पितळी खिळ्यांचं स्टूल होतं, त्यावर तांब्याची झारी ठेवलेली. काकासाहेबांनी झारी उचलून खाली ठेवली आणि स्टुलावर बसले. पाठ भिंतीला टेकली तशी त्यांना एकदम बरं वाटलं. आत सारजाबाईंनी गादी दाबून पाहिली, एसीचा गारवा अंगावर घेतला, आणि पहाटे चारपासून उठलेलं ते माणूस बघता बघता घोरायला लागलं.

पहिल्या आल्या मीनाक्षीताई. नागपूरच्या रिटायर मुख्याध्यापिका. त्या आणि त्यांचे यजमान शिवराजभाऊ समोरच्या खोलीत उतरले होते. दिवान-ए-सुलतानबद्दल हॉटेलच्या माहितीपत्रकात लई लिहिलेलं होतं, म्हणून त्यांना ती खोली नुसती डोळ्यांखालून घालायची होती.

"आत बघता येईल का हो?" त्यांनी विचारलं.

काकासाहेबांचं तोंड त्यांना न विचारता उघडलं.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत. बसा."

'बसा'वर नेमका जोर पडला होता. मीनाक्षीताईंनी चाळीस वर्षं शाळा हाकली होती. पण त्यांनाही कळलं नाही, कसं काय, पण त्या समोरच्या, ऑफिसच्या वेळच्याच जुन्या बाकावर बसल्या. त्यांना शोधत शिवराजभाऊ आले. "काय झालं?" "मीटिंग चालू आहे." "बरं," म्हणून तेही बसले. मग रात्रीच्या जेवणाला काय करायचं ते विचारायला हिमांशू आला. सरदारांना आधी विचारायला हवं ना. काकासाहेब स्टुलावर बसलेले पाहून तो गोंधळला. पण दोन भारदस्त माणसं मुकाट्यानं वाट बघत बसलेली दिसली, तेव्हा त्याला वाटलं, मोठ्या घराण्यातली काहीतरी रीत असेल.

"आत कोण आहे?" त्यानं हळूच विचारलं.

"मीटिंग चालूय," काकासाहेब म्हणाले. आतून सारजाबाईंच्या घोरण्याचा आवाज येत होता. सगळ्यांनी तो ऐकला. हिमांशूही बसला.

थोड्या वेळानं बाकावर गप्पा सुरू झाल्या. वाट बघणारी माणसं बोलतात, हे काकासाहेबांना ठाऊक होतं, फक्त मधूनमधून "मग?" एवढं म्हणावं लागतं. मीनाक्षीताई म्हणाल्या, उद्या वेरूळ बघायचं की पैठणला साडी बघायला जायचं ह्यावरून आमचं आठ दिवस बिनसलंय. हिमांशू म्हणाला, चुलतभावाचं लग्न आहे, शेठ सुट्टी देत नाहीत. काकासाहेब म्हणाले, "मग?"

अशात जिन्यावर पावलं वाजली. वैजनाथराव आष्टीकर. राखाडी सफारी, खिशाला दोन पेनं. रिटायर झाल्यापासून थोडे वाकले होते, पण चाल तीच. त्यांनी ह्या हॉटेलात स्वतःहून खोली घेतली होती, आणि फोनवर निक्षून सांगितलं होतं, की ती पहिल्या मजल्यावरची उत्तराभिमुख, दोन खिडक्यांची हवी. ती देतो म्हणून ऐनवेळी त्यांना दिली मुदपाकखान्याची. म्हणजे चहाची खोली. कारण काय, तर कुणी काकासाहेब म्हणून सरदार आलेत.

ते तरातरा दाराशी आले. समोर स्टुलावर काकासाहेब. आता दुसरा कुणी असता तर चमकला असता, चार वर्षांनी भेट होतेय, मिठी मारली असती. पण साहेबांना तिथं औताडे दिसणं आणि औताड्यांना तिथं साहेब दिसणं ह्यात दोघांनाही नवल असं काही वाटलंच नाही.

"औताडे, आत कोण आहे?"

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"किती वेळ लागेल?"

"सांगता यायचं नाय."

"मी कोण आहे, माहीत आहे ना?"

"व्हय साहेब," काकासाहेब उठून उभे राहून, अदबीनं म्हणाले. "बसा."

आष्टीकर साहेबांनी बाकाकडं बघितलं. ह्या बाकावर त्यांनी हजारो माणसं बसवली होती. ते हिमांशूच्या शेजारी बसले. जरा वेळानं त्यांनी पाय हलवायला सुरुवात केली. मग घड्याळ बघितलं. मग शिवराजभाऊंना विचारलं, "तुमचा नंबर कितवा?"

साडेतीनच्या सुमारास आत पलंग कुरकुरला. "आवं!" सारजाबाईंची हाक आली. "कुठं हाय तुमी?"

काकासाहेबांनी दार चार बोटं उघडलं आणि तोंड आत न घालता म्हणाले, "चार जण भेटायला आलेत."

सारजाबाईंच्या जन्मात त्यांच्याकडं कुणी वेळ घेऊन भेटायला आलं नव्हतं. पण घरी आलेल्या माणसाला माघारी लावायचं नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पदर सारखा केला, त्या पलंगावर मांडी घालून बसल्या आणि भाकरीचं फडकं सोडलं. "येऊ द्या एकेकाला."

आता एवढा वेळ बाकावर बसल्यावर नुसती खोली बघून परत जायचं, हे कुणालाच बरं दिसेना. म्हणून प्रत्येकानं आपापलं काम पुढं केलं. मीनाक्षीताई आणि शिवराजभाऊंनी वेरूळ आणि पैठणची तक्रार मांडली. सारजाबाईंनी दोघांच्या हातावर चतकोर भाकरी आणि ठेचा ठेवला.

"उद्या मंगळवार," त्या म्हणाल्या. "मंगळवारी वेरूळची लेणी बंद असत्यात. उद्या पैठण करा, परवा वेरूळ."

नवरा-बायको एकमेकांकडं बघतच राहिले. आठ दिवसांचं भांडण एका घासात मिटलं होतं. बाहेर येताना शिवराजभाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं. थोडं ठेच्यानं, पण सगळंच काही ठेच्यानं नव्हे.

हिमांशू आत गेला. जेवणाचं विचारायचं तो विसरला आणि लग्नाचं सांगून बसला.

"सख्ख्या चुलत्याचा पोरगा?"

"हो."

"मग इथं काय करू लागला? जा."

"जाऊ?"

"आत्ताच्या आत्ता जा. हळद चुकली तर चुलती जन्मभर बोलंल."

हिमांशू बाहेर आला, खाली गेला, कोट काढून खुंटीला टांगला, नोंदवहीत 'माननीय साहेबांच्या तोंडी आदेशानुसार तीन दिवस रजा' असं लिहिलं आणि चारच्या एसटीनं परभणीला निघून गेला. खरंच गेला. लोक अजून ह्यावर विश्वास ठेवत नाहीत.

उरले आष्टीकर साहेब. काकासाहेबांनी दार उघडून धरलं. साहेब आत गेले आणि मधोमध थबकले. जिथं त्यांचं टेबल होतं तिथं पांढराशुभ्र टब होता, सिंहाचे पितळी पंजे असलेला. असल्या हॉटेलात न्हाणीघर भिंतीआड नसतं, खोलीतच असतं.

"बसा साहेब," सारजाबाई म्हणाल्या. एका मंगल कार्यालयात झालेल्या निरोप समारंभात त्यांनी ह्या माणसाला एकदा बघितलं होतं. "तुमचं काय काम?"

"वहिनी, काम असं काही नाही," साहेब म्हणाले. नवीन माणसाशी बोलताना त्यांची जीभ जरा अडखळायची. "इथं माझं टेबल होतं. दहा मिनिटं तिथं बसू दिलंत तर..."

"बसा की. तुमचीच जागा."

साहेबांनी बूट काढले. सफारीची पँट सावरली आणि त्या कोरड्या टबात हळूच उतरून बसले. पाठ टेकली, दोन्ही हात कडांवर ठेवले. समोरच्या खिडकीतून पाणचक्कीकडची झाडं दिसत होती, नेहमी दिसायची तशीच. त्यांचा चेहरा सैलावला. आणि सवयीनं त्यांनी मान न वळवता हाक मारली, "औताडे!"

"आलो साहेब!"

काकासाहेब ताडकन उठले, दार ढकललं आणि आत आले. थेट टबापाशी. मग त्यांच्या ध्यानात आलं, की आपण उंबरा ओलांडलाय, आणि हातात काहीच नाही. ते तसेच उभे राहिले.

"बसा ना," साहेब म्हणाले.

काकासाहेब पलंगाच्या कडेवर टेकले. अगदी चार बोटं जागा घेऊन. गादी खाली गेली तसे दचकले.

साहेबांनी टबाच्या कडेवर बोटं वाजवली. मग म्हणाले, "औताडे, एक सांगू? मीटिंग कधीच नसायची."

"ठाऊक हाय साहेब."

"कसं काय?"

"माणूसच आत गेलेलं नसायचं. मीटिंग कुणासंगं व्हणार?"

साहेब ओशाळले. "पहिली दोन वर्षं मी वरच्या ऑफिसला पत्रं लिहीत होतो. मोजून झालेल्या विहिरींचं पुढं काय करायचं ते कळवा म्हणून. उत्तर आलं नाही. मग लिहायचं सोडलं. मग काय करणार? बाहेर तुमच्याशी लोक बोलायचे, ते ऐकत बसायचो. दाराला कान लावायला नको म्हणून खुर्ची जवळ ओढून घेतली होती. ती सुलतानपूरची बाई, जिच्या दिराचा वाद होता..."

"लंकाबाई."

"लंकाबाई. तिचं पुढं काय झालं? मी त्या आठवड्यात आजारी होतो. मला शेवट कळला नाही."

"मिटलं ते. दिरानं अर्धी विहीर दिली. मोटार दोघांत."

"छान झालं," साहेब म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. "सहा वर्षं मी विचार करतोय त्याचा. घरी कुणाला सांगणार? मुलगा म्हणतो, बाबा, टीव्ही बघा."

सारजाबाई आलटून पालटून दोघांकडं बघत होत्या. "म्हंजी म्या काय ऐकू लागले?" त्या म्हणाल्या. "आत तुमी ऐकत व्हता, बाहीर हे बोलत व्हते. मधी एक दार. मग एकाच जागी कामून नाय बसले?"

नियमात तसं कुठं नव्हतं, असं काहीतरी साहेब पुटपुटले. सारजाबाईंनी उरलेली भाकरी तिघांत वाटली. साहेबांनी टबातच खाल्ली. मग लंकाबाईनंतर लिंबाजी, मग तो चिंचोलीचा बहिरा पाटील, मग विहिरीत बैल पडला त्याची केस, असं एकेक निघत गेलं आणि दिवेलागण झाली.

त्या रात्री काकासाहेब पलंगावर झोपले. आडवे पडायला जरा वेळ लागला, पण झोपले.

सकाळी राजेंद्रशेठ आले. मॅनेजरचा पत्ता नव्हता. पण हॉटेल काही बंद पडलं नव्हतं. नाश्ता झाला होता, पैठणला जाणारी गाडी आली होती, आणि जाण्याआधी नागपूरचे पाहुणे, शिवाय काल संध्याकाळी आलेलं एक फ्रेंच जोडपं, असे सगळे वरच्या बाकावर रांगेनं बसले होते. फ्रेंच माणसाच्या मांडीवर त्याची टोपी होती. स्टुलावर काकासाहेब.

"हे काय चाललंय?" शेठनी विचारलं.

"मीटिंग," फ्रेंच माणूस समाधानानं म्हणाला.

शेठनी आधी हिमांशूची रजा वाचून आरडाओरडा केला. मग पाहुण्यांच्या वहीत काय लिहिलंय ते बघितलं. मीनाक्षीताईंनी अख्खं पान भरलं होतं. असा अनुभव दुसऱ्या कुठल्याच हवेलीत आला नाही, इथं माणसाला थांबायला मिळतं, वगैरे. शेठ धंद्याचा माणूस. त्यांनी आवाज लगेच खाली आणला आणि काकासाहेबांना बाजूला घेतलं.

"काकासाहेब, शनिवार-रविवार चार ते सहा इथं बसाल का? युनिफॉर्म देतो. फेटा, कमरपट्टा. एवढंच वाक्य म्हणायचं."

काकासाहेबांनी विचार केला. त्यांच्या मनात राग नव्हता, लोभही नव्हता. "नाय शेठ," ते म्हणाले. "काल आत बसून बघितलं. आता बाहीर बसलो तर सारखं वाटंल, आत जाऊन बसावं. काम नीट व्हायचं नाय."

"मग आता कुणाला बघू?"

"मी बसतो," मागून आवाज आला. आष्टीकर साहेब. सफारीला टबाच्या सुरकुत्या पडलेल्या, पण ताठ उभे. "मला अनुभव नाही. पण शिकेन."

शिकायला दोन आठवडे लागले. काकासाहेब दोन्ही रविवारी पडेगावहून मुद्दाम आले. साहेबांचं सुरुवातीला फार चुकायचं. कुणी आलं की ते घाईघाईनं अख्खा नियम सांगायचे, नाहीतर दया येऊन सरळ दार उघडून द्यायचे. "असं नाय साहेब," काकासाहेब सांगायचे. "आधी माणसाकडं बघा. मग दाराकडं बघा. मग पुन्हा माणसाकडं. आणि 'बसा' म्हणून झाल्यावर गप ऱ्हायाचं. त्यो आपोआप बोलतो." हळूहळू जमलं. आता लोक पुण्याहून, हैदराबादहून येतात, त्या बाकावर तासभर बसतात, साहेबांना आपल्या मुलांचं, नोकरीचं, पाठदुखीचं सांगतात आणि खुशीत खाली जातात. साहेब "मग?" म्हणतात. राजेंद्रशेठनी त्याचंही माहितीपत्रक छापलंय. त्यात ही प्रथा निजामकालीन असल्याचं लिहिलंय, आणि एवढं एक वाक्य मात्र खरं आहे असं काकासाहेबांचं मत आहे.

गेल्या महिन्यात त्यांना साहेबांचा फोन आला. आवाज जरा दबलेला, पण आनंदी.

"औताडे, येत्या शनिवारी माझ्या नातीचं बारसं आहे. दोन दिवस माझ्या जागी बसाल का?"

काकासाहेबांनी फोनवर हात ठेवला आणि अंगणात वाटाणे सोलत बसलेल्या सारजाबाईंना विचारलं.

"बसा की," त्या म्हणाल्या. "पर म्या बी येते. आत कुणीतरी पायजे ना."